मुख्याध्यापक ‘रुळतो’ म्हणजे नेमकं काय होतं?



संयोजकांनी मला दिलेला विषय पत्रिकेवर असा छापला आहे : ‘नवनियुक्त शालेय प्रशासकांचे कार्यस्थळीय समाजीकरण आणि संस्था-संस्कृतीची आव्हाने’. पत्रिका घरी आली तेव्हा पत्नीने ती वाचली आणि विचारलं, “यातला एक तरी शब्द शाळेत कुणी बोलतं का?” तिने एकतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवलंय, तेव्हा प्रश्न अधिकाराने विचारलेला होता. मी म्हटलं, नाही. शाळेत यासाठी एकच शब्द आहे. “नवे सर रुळले का?” “बाई अजून रुळल्या नाहीत हो.” “रुळतील हळूहळू.” आज मी बोलणार आहे ते या एका क्रियापदाबद्दल. ज्या इंग्रजी पुस्तकांतून आपल्याकडे ‘समाजीकरण’ हा शब्द आला, त्यातली दोन लिखाणं मी या क्रियापदाशेजारी ठेवून वाचणार आहे.

आधी माझी जागा सांगतो. मी आयुष्यभर महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं. मुख्याध्यापक कधीच नव्हतो. पण एका शिक्षणसंस्थेच्या शाळा समितीवर मी नऊ वर्षं होतो. म्हणजे रुळणाऱ्यांच्या बाजूला नव्हे, रुळवणाऱ्यांच्या बाजूला. तिथे माझ्याकडून एक गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलायचा मला अधिकार नाही असं मला वाटतं, पण ती थोडी पुढे सांगतो.

पहिलं लिखाण १९७९चं. जॉन व्हॅन मानेन आणि एडगर शाइन या दोघांनी संघटनेतल्या समाजीकरणाची एक उपपत्ती मांडली. व्हॅन मानेन हे स्वतः पोलीस भरतीतल्या तरुणांबरोबर प्रशिक्षण घेऊन, त्यांच्याबरोबर गस्त घालून शिकलेले गृहस्थ. त्यांचा प्रश्न सरळ आहे : नवा माणूस एखाद्या कामात येतो तेव्हा संघटना त्याला कशी घडवते? त्यांनी सहा जोड्या सांगितल्या. माणसाला एकटं घडवतात की गटाने? औपचारिक वर्ग घेऊन की कामात ढकलून? पायऱ्या ठरलेल्या असतात की नाही? मुदत ठरलेली असते की नाही? आधी त्या जागेवर असलेला माणूस हात धरून शिकवतो की नव्याला रिकामी जागा मिळते? आणि शेवटची जोडी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : तो आहे तसा त्याला स्वीकारतात, की आधीचा ‘तो’ पुसून टाकतात? सैनिकांचे केस कापतात, ते आठवा.

हे सगळं आपल्या मुख्याध्यापकाला लावून बघू या. महाराष्ट्रातल्या खाजगी अनुदानित शाळेत १९७७चा सेवाशर्तींचा अधिनियम आणि त्याखालची १९८१ची नियमावली लागू आहे. मुख्याध्यापकपद ज्येष्ठतेने मिळतं. पात्रता हवी, सेवा समाधानकारक हवी, पण मुळात रांग ज्येष्ठतेची. मी या नियमाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. तो नसता तर कितीतरी संस्थांमध्ये मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर अध्यक्षांचे जावई दिसले असते. पण नियम चांगला असला तरी त्याचे परिणाम असतात. एक म्हणजे माणूस खुर्चीवर बसतो तेव्हा त्याचं वय पंचावन्न-छप्पन्न असतं आणि अठ्ठावन्नला तो निवृत्त होतो. कुणाला दोन वर्षं मिळतात, कुणाला चौदा महिने. दुसरं म्हणजे तो ‘नवा’ नसतोच. त्याच इमारतीत, त्याच संस्थेत त्याची पंचवीस-तीस वर्षं गेलेली असतात. अमेरिकन पुस्तकांतला नवा प्रशासक परक्या गावात, परक्या इमारतीत येतो. त्याला शिपायाचं नावही माहीत नसतं. आपल्या मुख्याध्यापकाने शिपायाच्या मुलीच्या लग्नात पंगत वाढलेली असते.

मग त्याला रुळायचं असतं कशाशी? इमारत तीच, माणसं तीच. बदललेलं असतं एवढंच, की तो व्हरांडा ओलांडून पलीकडच्या खोलीत गेलेला असतो.

हा व्हरांडा किती रुंद असतो ते बाहेरच्याला कळत नाही. मे महिन्यापर्यंत शिक्षकखोलीत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, एकमेकींच्या डब्यातली भाजी उचलली, त्या सगळ्या जूनमध्ये आपण आत गेलो की बोलायच्या थांबतात. काल ‘अगं’ म्हणणारी मैत्रीण आज चारचौघांत ‘मॅडम’ म्हणते, आणि एकटी असताना काय म्हणावं हे तिला समजत नाही, म्हणून ती काहीच म्हणत नाही. डबा कुठे खायचा, हा नव्या मुख्याध्यापिकेचा पहिला प्रशासकीय प्रश्न असतो. हसू नका, खरंच असतो. शिक्षकखोलीत खाल्ला तर लोक अवघडतात, ऑफिसात एकटीने खाल्ला तर ‘खुर्ची चढली’. माझ्या ओळखीच्या एक बाई वर्षभर दुपारी जेवल्याच नाहीत, घरी जाऊन चार वाजता जेवायच्या. व्हॅन मानेन-शाइन यांच्या सहा जोड्यांत या डब्याला जागा नाही. त्यांचा माणूस बाहेरून आत येतो. आपला माणूस आतून बाहेर पडतो आणि तरी आतच असतो.

पाचवी जोडी आठवा, जुन्या माणसाने नव्याचा हात धरण्याची. आपल्याकडे ती कशी चालते? इथे जे सत्तरीच्या आसपासचे आहेत त्यांना विचारतो, तुमच्यापैकी किती जणांची जन्मतारीख १ जून आहे? बघा, हात वर येताहेत. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिली ती तारीख. आईला विचारलं असतं तर तिने ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ असं काहीतरी सांगितलं असतं. त्या एका तारखेमुळे आपल्या पिढीतले ढीगभर शिक्षक ३१ मे रोजी निवृत्त झाले. म्हणजे चार्ज दिला-घेतला जातो तो उन्हाळ्याच्या सुट्टीत, रिकाम्या शाळेत. कपाटांच्या किल्ल्या, जनरल रजिस्टर, डेड स्टॉकची वही, बँकेचं पासबुक, सह्या. मुलं एकही नाही. फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच. शाळा नावाची वस्तू हस्तांतरित होते आणि शाळा तिथे नसते!

मग हात कोण धरतं? धरतो तो लिपिक. पगारबिल कसं जातं, शालार्थमध्ये कुणाची वेतनवाढ अडकली आहे, संचमान्यतेचा आकडा कसा येतो, पोषण आहाराचा तांदूळ किती शिल्लक दाखवायचा, शिक्षणाधिकारी कार्यालयात कुठल्या टेबलावर आधी जायचं, हे सगळं त्याला माहीत असतं. पंधरा जूनला नवे मुख्याध्यापक तीस वर्षांच्या अध्यापनानंतर पुन्हा विद्यार्थी होतात, आणि शिक्षक असतो बारावी झालेला क्लार्क. मी हे तुच्छतेने म्हणत नाही. त्या माणसांनी शाळा तगवल्या आहेत. पण तो काय शिकवतो ते पाहा. ‘हे असं असतं’ हे शिकवतो. ‘हे असं का असतं’ हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. प्रशिक्षणं होतात, नाही असं नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन संस्थेत २०१२पासून शालेय नेतृत्वासाठी स्वतंत्र केंद्र आहे. पण आपल्या मुख्याध्यापकांना विचारा, तुम्हाला मुख्याध्यापक कुणी केलं? ते कुठल्या केंद्राचं नाव घेणार नाहीत.

आणि पूर्वीच्या सरांची सावली असतेच. आल्व्हिन गोल्डनर या समाजशास्त्रज्ञाने १९५४मध्ये जिप्समच्या एका खाणीचा आणि कारखान्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे नवा व्यवस्थापक आल्यावर कामगार जुन्याची आठवण काढू लागले : तो किती समजूतदार, किती मायाळू. गोल्डनरने याला ‘रिबेका’ या प्रसिद्ध कादंबरीवरून नाव दिलं, तिच्यातली पहिली बायको मेलेली असूनही घरभर वावरते ना, म्हणून. आपल्याकडे ‘आधीचे सर असताना’ या तीन शब्दांनी हे काम होतं. गंमत म्हणजे आधीचे सर असताना हीच मंडळी त्यांच्या आधीच्या सरांची आठवण काढत होती.

आता मूळ तक्रारीकडे येतो. व्हॅन मानेन आणि शाइन यांच्यावर अन्याय करायचा नाही. समाजीकरण म्हणजे केवळ गुळगुळीत होणं असं ते म्हणत नाहीत. नवा माणूस तीन तऱ्हांनी वागू शकतो असं ते सांगतात : मिळालेली भूमिका जशीच्या तशी सांभाळणं, कामाच्या पद्धती बदलणं, किंवा कामाचा हेतूच नव्याने मांडणं. आणि सहा जोड्यांतली कुठली जुळणी केली की कुठला माणूस तयार होतो, याचाही अंदाज ते बांधतात. काम हुशारीचं आहे. पण पूर्ण लेखात एक प्रश्न येत नाही : ज्या गोष्टीत माणसाला मुरवलं जातंय ती गोष्ट मुरण्यालायक आहे का? ते म्हणतील, आम्ही समाजशास्त्रज्ञ, तो प्रश्न आमचा नाही. ठीक. पण मग त्यांची परिभाषा जेव्हा शिक्षण-प्रशासनाच्या पुस्तकांत येते, तेव्हा ती वर्णनाची राहत नाही, सल्ल्याची होते. ‘यशस्वी समाजीकरण’ असा शब्दप्रयोग तिथे सहज केला जातो. यशस्वी कुणाच्या बाजूने? माणूस संघटनेत विरघळला की यशस्वी. मीठही पाण्यात यशस्वीच होतं.

दुसरं पुस्तक मला जास्त आवडतं, म्हणून त्याच्याशी भांडणही जास्त आहे. हॅरी वोल्कॉट हा ओरेगन विद्यापीठातला मानववंशशास्त्रज्ञ. त्याने एका अमेरिकन प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकाचा पाठलाग केला. अक्षरशः. जवळजवळ दोन वर्षं वही घेऊन त्याच्या मागे हिंडला, शाळेत, बैठकांना, घरीदारी. लोकांनी त्याला ‘सावली’ असं नाव ठेवलं. १९७३मध्ये पुस्तक आलं. शीर्षकाचा अर्थ ‘मुख्याध्यापकाच्या खोलीतला पुरुष’, आणि पुरुष हा शब्द सहज आलेला नाही. त्या काळी तिथल्या प्राथमिक शाळांत शिकवणाऱ्या बहुतेक बाया आणि खुर्चीवर बहुतेक पुरुष.

हे पुस्तक प्रत्येक संस्थाचालकाने वाचावं असं मला वाटतं. त्यात नेतृत्व वगैरे काही नाही. बैठका आहेत, फोन आहेत, एकामागून एक दारात उभी राहणारी माणसं आहेत, क्षुल्लक कामांचा अखंड ओघ आहे. मुख्याध्यापकाचा दिवस म्हणजे तुकडे असतात, हे वोल्कॉटने दाखवलं तसं दुसऱ्या कुणी दाखवल्याचं मला माहीत नाही. आणि त्यात नवे मुख्याध्यापक निवडणाऱ्या समितीचं एक प्रकरण आहे. समितीत बसलेले असतात आधीचेच मुख्याध्यापक आणि अधिकारी. बोलतात ते बदलाबद्दल, नव्या विचारांबद्दल. निवडतात तो माणूस जो काही ढवळणार नाही. वोल्कॉटचा निष्कर्ष असा, की मुख्याध्यापकाचं काम वैविध्य निर्माण करणं असं सगळे म्हणतात, पण प्रत्यक्षात त्याला बक्षीस मिळतं वैविध्य कमी केल्याबद्दल.

इथवर मी त्याच्यासोबत आहे. भांडण शेवटच्या प्रकरणाशी आहे. तिथे तो मुख्याध्यापकाच्या वागण्याचं सार दोन शब्दांत सांगतो. पहिला धीर. दुसरा इंग्रजी शब्द ‘प्रूडन्स’, त्याचं मराठी आपण काय करणार? सावधपणा? दूरदर्शीपणा? वोल्कॉटच्या मुख्याध्यापकाच्या बाबतीत ‘सावधपणा’ हेच बरोबर भाषांतर आहे. आणि माझं दुःख नेमकं इथे आहे.

कारण हा शब्द लॅटिनमधून आला, आणि लॅटिनमध्ये तो ॲरिस्टॉटलच्या ‘फ्रोनेसिस’साठी वापरला गेला. फ्रोनेसिस म्हणजे सावधपणा नव्हे. समोरच्या या प्रसंगात, या माणसांमध्ये, आत्ता योग्य काय, हे दिसण्याची शक्ती. तिला आपण विवेक म्हणू. ॲरिस्टॉटल स्पष्ट सांगतो की साध्य कुठलंही असो, ते गाठण्याची निव्वळ हुशारी वेगळी आणि विवेक वेगळा. हुशारी लबाडालाही असते. विवेकाला चांगलं काय ते दिसावं लागतं. अडीच हजार वर्षांच्या आत हा शब्द घसरत घसरत ‘अंगाशी येऊ देऊ नये’ इथवर आला. मराठीत काही वेगळं झालं असं समजू नका. ‘शहाणा’ हा शब्द घ्या. आणि आता ‘जास्त शहाणपणा करू नकोस’ हे वाक्य घ्या. नव्या मुख्याध्यापकाला पहिल्या वर्षी हे वाक्य वेगवेगळ्या सभ्य रूपांत किती वेळा ऐकायला मिळतं! वोल्कॉटला ही घसरण दिसत नाही, कारण त्याच्या शास्त्रात या दोन अर्थांना वेगळं ठेवायला खुंटीच नाही. तो सावली होता; सावलीला माणसाचे हातवारे दिसतात, त्याला काय दिसलं आणि त्याने काय बघायचं सोडून दिलं, हे दिसत नाही.

आता ती गोष्ट.

तालुक्याच्या गावातली शाळा. नाव सांगत नाही, संस्थेचंही नाही. २०११च्या आधी काही वर्षं. आमच्या नव्या मुख्याध्यापिका सत्तावीस वर्षं त्याच शाळेत मराठी-इतिहास शिकवून जूनमध्ये खुर्चीवर बसल्या होत्या. जुलैच्या शेवटी एका रविवारी त्या माझ्या घरी आल्या. पिशवीत आठवीच्या दोन्ही तुकड्यांचे कॅटलॉग होते. टेबलावर ठेवून म्हणाल्या, “सर, यातली एकोणीस मुलं मी पाहिलेलीच नाहीत.”

एकोणीस नावं, रोज हजर. काही मुलं दुसऱ्या शाळेत गेलेली. काही आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली, आणि परत आल्यावर पुन्हा शाळेत न आलेली. एक मुलगी, लग्न झालेली. हे पूर्वीच्या सरांपासून चालू होतं, त्यांच्या आधीपासूनही असेल. कारण कुणालाही माहीत होतं : पटावर शिक्षक मंजूर होतात. एकोणीस नावं कापली की दुसरी तुकडी मोडते, एक शिक्षक अतिरिक्त होतो. तो कोण होणार हेही माहीत होतं. सगळ्यात कनिष्ठ, घराचं कर्ज काढलेला, लहान मूल असलेला, शिवाय या बाईंचाच जुना विद्यार्थी. मन लावून शिकवणारा पोरगा.

म्हणजे बघा, हा साधा भ्रष्टाचार असता तर मला सोपं गेलं असतं. कुणी पैसे खात नव्हतं. त्या खोट्या हजेरीच्या मागे माया होती, एकमेकांना धरून राहणं होतं. शाइनने पुढे १९८५च्या पुस्तकात संस्कृतीचे तीन थर सांगितले : दिसतं ते, बोललं जातं ते, आणि खाली गृहीत धरलं जातं ते. आमच्या शाळेत भिंतीवर सुविचार होते, संस्थेच्या ब्रीदात सत्य होतं, आणि तळाशी गृहीत होतं : आपल्या माणसाचं पोट मारायचं नाही. हा तिसरा थर वाईट नव्हता. म्हणूनच तो इतका पक्का होता.

मी बाईंना काय म्हणालो? मी, ज्याने पस्तीस वर्षं कांट शिकवला? मी म्हटलं, “बाई, पहिलंच वर्ष आहे तुमचं. जरा सांभाळून घ्या.”

त्यांनी चहा घेतला, कॅटलॉग पिशवीत ठेवले आणि गेल्या. पुन्हा विषय काढला नाही. महिन्याअखेरीला पटावर सही झाली, सप्टेंबरअखेरीच्या पटावरही झाली. संस्थेच्या कार्यवाहांनी दिवाळीत मला सांगितलं, “बाई छान रुळल्या हो.” दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी, ऑफिसच्या दारात, त्यांच्या जागी येणाऱ्या बाईंना त्या हळू आवाजात काहीतरी समजावत होत्या. मी जवळून जात होतो. “सुरुवातीला जड जातं,” त्या म्हणाल्या, “सांभाळून घ्या.” शब्द माझे होते. आवाजाची पट्टीसुद्धा माझी होती.

‘सांभाळून घेणं’ हे मराठी मनाचं मोठं धन आहे, मी ते टाकून द्या म्हणत नाही. एकत्र कुटुंबं त्याच्यावर चालली. पण त्या वाक्यात कर्म कुठे आहे ते शोधा. कुणाला सांभाळून घ्या? मी त्या तरुण शिक्षकाला म्हणत होतो, संस्थेला म्हणत होतो, खरं तर स्वतःला म्हणत होतो, कारण समितीच्या पुढच्या बैठकीत मला कटकट नको होती. एकोणीस मुलं त्या वाक्यात नव्हती. आणि जे मूल कॅटलॉगमध्ये रोज हजर आहे, त्याला शोधायला कुणी जात नाही. त्याच्या पालात कुणी शिक्षक जाऊन उभा राहत नाही. त्या लग्न झालेल्या मुलीचं नाव गळतीच्या आकड्यात आलं नाही. ती आमच्याकडे आठवी पास झाली.

ऑक्टोबर २०११मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा मी समितीवर नव्हतो. आमच्या त्या शाळेतली जादा नावं उडाली, तुकडी मोडली. तोवर नावं अर्थातच दुसऱ्या मुलांची होती. मोजणारे आले, मोजून गेले. जी मुलं नव्हती ती कुठे आहेत, हा रकाना त्यांच्या तक्त्यातही नव्हता असं मला नंतर कळलं. म्हणजे संस्थेची संस्कृती आणि सरकारची संस्कृती यांत भांडण होतं ते आकड्यांचं. मुलांबद्दल दोघांचं एकमत होतं.

ॲलास्डेर मॅकिन्टायर या तत्त्वज्ञाने १९८१च्या आपल्या पुस्तकात एक भेद केला आहे, तो मला फार उशिरा उपयोगी पडला. तो म्हणतो, प्रॅक्टिस वेगळी आणि संस्था वेगळी. प्रॅक्टिस म्हणजे बुद्धिबळ, शेती, चित्रकला, वैद्यक : ज्यांच्या आत काही मोल असतं आणि ते आत उतरल्याशिवाय मिळत नाही. त्याचं उदाहरण सुंदर आहे. एका मुलाला बुद्धिबळ खेळावं म्हणून खाऊ देतात. जोवर तो खाऊसाठी खेळतो तोवर त्याला फसवायला कारण असतं. खेळाची गोडी लागली की फसवून तो स्वतःलाच हरवेल. संस्था मात्र बाहेरच्या मोलांवर चालतात : पैसा, पद, मान. आणि मॅकिन्टायर प्रामाणिक आहे. तो म्हणतो, संस्थेशिवाय प्रॅक्टिस फार दिवस जगत नाही, आणि तरी संस्था तिला सतत पोखरत असते. आपल्याकडे तर शाळा चालवणाऱ्या मंडळालाच ‘संस्था’ म्हणतात. भाषांतर करायची गरजच नाही.

आता तो व्हरांडा पुन्हा डोळ्यांपुढे आणा. तीस वर्षं जो माणूस खाऊशिवाय खेळायला शिकला, मुलांच्या डोळ्यांत समज उजळते ती बघण्यासाठी शिकवत राहिला, त्याला एका उन्हाळ्यात आपण खाऊच्या हिशेबावर बसवतो. आणि म्हणतो, रुळा. त्यातून त्याची स्वतःची पेन्शनची फाईल तयार व्हायची असते, ती याच संस्थेतून आणि त्याच शिक्षणाधिकारी कार्यालयातून पुढे जायची असते. टिळकांनी १८९०मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. त्या वादातला एक मोठा मुद्दा आजीव सभासदांच्या बाहेरच्या कमाईचा होता, म्हणजे संस्था कशासाठी आहे हाच. टिळक रुळले नाहीत असं आपण अभिमानाने म्हणतो. पण टिळकांकडे ‘केसरी’ होता. चौदा महिने उरलेल्या मुख्याध्यापकाकडे काय असतं? त्याच्याकडून टिळकांची अपेक्षा करणं हा संस्थाचालकांचा आवडता दांभिकपणा आहे.

म्हणून मी मुख्याध्यापकांना उपदेश करणार नाही. माझं म्हणणं समितीच्या खुर्च्यांवर बसलेल्यांशी आहे, त्यात मी बसलो होतो. नव्या माणसाला पहिले तीन-चार महिने जे दिसतं ते पुन्हा कधी दिसत नाही. बाई सत्तावीस वर्षं त्या शाळेत होत्या, कॅटलॉग रोज हातात असायचा, तरी एकोणीस नावं त्यांना दिसली ती जुलैमध्ये, कारण सही आता त्यांची होती. ही नजर म्हणजेच विवेकाचं कच्चं रूप. आपण ती अनुभवाची कमतरता समजतो आणि वर्षभरात बरी करतो. ‘मुरलेला’ हे आपण कौतुकाने म्हणतो. लोणचं मुरलं की कैरीचा कच्चेपणा जातो खरा, पण कैरी कुठल्या झाडाची होती तेही कळेनासं होतं.

काही साध्या गोष्टी करता येतील. चार्ज रिकाम्या शाळेत देऊ नका. निवृत्त होणाऱ्यांना नियमाने थांबवता येत नसेल, पण नव्यांना मार्चपासून त्यांच्या शेजारी बसवायला कुठला नियम आडवा येतो? आणि ऑगस्टमध्ये समितीने त्यांना एकदा बोलवावं, विचारावं, “तुम्हाला काय खटकलं?” आणि गप्प बसावं. हे गप्प बसणं फार अवघड आहे, सांगतो. मी त्या रविवारी फक्त गप्प बसलो असतो तरी बाईंना पुढचं वाक्य बोलता आलं असतं. त्या काय करणार होत्या हे मला माहीत नाही. कदाचित त्यांनीही नावं ठेवलीच असती. तो तरुण शिक्षक अतिरिक्त झाला असता तर कदाचित मीच त्यांना दोष दिला असता. पण निदान दोन माणसांनी टेबलावर ते कॅटलॉग उघडे ठेवून एकेक नाव वाचलं असतं. ती मुलगी कुठल्या गावाला दिली, एवढं तरी विचारलं असतं.

वेळ संपत आली. अध्यक्ष महाराज घड्याळाकडे बघताहेत. प्रश्नोत्तरं आहेत असं पत्रिकेत छापलंय, तर एक विनंती. पहिला प्रश्न एखाद्या मुख्याध्यापकांनी विचारावा, तोही ज्यांचं हे पहिलं वर्ष आहे त्यांनी. मागच्या रांगेत तुम्ही बसला आहात, मघाशी चहाच्या वेळी भेटला होतात. संस्थेचे पदाधिकारी पुढच्या रांगेत आहेत ते मला दिसतंय. त्यांनी पहिली पंधरा मिनिटं फक्त ऐकावं. माइक मागे जाऊ द्या.